भट्टीनंतरचं बोट

मी चंबू बोलतोय. देवघरातला नव्हे हं, प्रयोगशाळेतला. बूड गोल, पोट पारदर्शक आणि तोंडं तीन. आता ज्याला तीन-तीन तोंडं दिलीत त्याने उभ्या आयुष्यात एक शब्द बोलू नये, हा केवढा अन्याय! पण आज बोलणार. कारण जेव्हा खरंच बोलायला हवं होतं तेव्हा मी मुका राहिलो, आणि त्यापायी आमच्या बाईंच्या नावाला बट्टा लागायची वेळ आली होती.

माझा जन्म तळघरातल्या एका खोलीत झाला. तिथे काचकाका बसायचे. प्रयोगशाळेला लागतील तसल्या वाकड्यातिकड्या नळ्या, चंबू, तोट्या ते हाताने बनवून द्यायचे. समोर निळी ज्योत, हातात काचेची नळी, गाल फुगलेले. मातीच्या गोळ्यात कुणीतरी प्राण फुंकला वगैरे गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. माझ्यात काकांनी फुंकर घातली ती कच्चा कांदा खाऊन. त्यामुळे माझ्या जन्माबद्दल मी फार भक्तिभावाने बोलू शकत नाही.

त्याच दिवशी, त्याच नळीच्या उरलेल्या तुकड्यातून माझा जुळा भाऊ झाला. आमच्यात तिळाइतकाही फरक नव्हता. दोघांना न्यायला बाई स्वतः आल्या. आम्हाला उजेडात धरून, एक डोळा मिटून त्या बघायला लागल्या, तसे काका म्हणाले, "डोळ्यांवर जाऊ नका, बाई. बारीक तडा डोळ्याला दिसतच नाही. उघडं बोट फिरवायचं. बोट खोटं बोलत नाही."

बाईंनी मान डोलावली. म्हातारी माणसं बोलतात ते सगळंच मनावर घ्यायचं नसतं. पण बाईंनी घेतलं.

आमच्या बाईंचं काम काय, तर सगळ्यात जुनी भानगड सोडवणं. या पृथ्वीवर एके काळी नुसते दगड, पाणी आणि वायू होते. मग कधीतरी, कुठेतरी, त्यातलं काहीतरी जिवंत झालं. कसं? त्या वेळी बघायला कोणी नव्हतं, आणि जे झालं त्याने मागे चिठ्ठी ठेवली नाही. त्यामुळे अंदाज बांधायचे आणि त्यातला कुठला टिकतो ते करून बघायचं, एवढंच हातात उरतं.

बाईंचा अंदाज तळ्याचा. ज्वालामुखीच्या अंगाखांद्यावरची उथळ, कोमट डबकी. ऊन आलं की आटायची, पाऊस आला की भरायची. आटताना आतली रसायनं एकमेकांना चिकटायची, भरताना मोकळी व्हायची, असं लाखो वर्षं. समोरच्या खोलीतल्या सरांना हे अजिबात पटायचं नाही. त्यांचं म्हणणं, जीव समुद्राच्या तळाशी सुरू झाला. तिथे जमिनीच्या भेगांतून गरम पाणी काळ्या धुरासारखं वर येतं, त्याभोवती दगडाची धुराडी बनतात, त्यांच्या बारीक छिद्रांत. बाई आणि सर कॉलेजात एका वर्गात होते, त्यामुळे वाद कसा घालायचा असतो हे दोघंही विसरले होते. बाई त्यांना धूरोबा म्हणायच्या. ते बाईंना डबकेश्वरी म्हणायचे.

"तुझ्या समुद्रात सगळं वाहून जाईल रे! दोन रेणू भेटायचे तर पत्ता शोधत फिरतील."

"आणि तुझ्या डबक्यात उन्हाने करपून जातील. तेव्हा आभाळाला ओझोनची छत्री नव्हती, डबकेश्वरी."

हे रोज, चहाच्या वेळी, व्हरांड्यात. वरच्या मजल्यावरचे एक उल्कावाले अधूनमधून यायचे. ते म्हणायचे, तुम्ही दोघं उगाच भांडताय, मूळ माल आभाळातूनच पडला, उल्कांमध्ये हे पदार्थ सापडतात. एकदा तर ते इतके रंगात आले की म्हणाले, कदाचित अख्खा जीवच वरून आला असेल. तेव्हा चहाचे कप गोळा करणाऱ्या मावशी थांबल्या. या मावशी म्हणजे आमची काचेची भांडी धुणाऱ्या. वीस वर्षं तेच काम. त्यांनी विचारलं, "म्हणजे पार्सल आलं म्हणता. ठीक. पण ज्याने पाठवलं त्याच्या घरी ते कुठून आलं?"

उल्कावाल्यांनी त्या दिवशी दुसरा चहा घेतला नाही.

आता माझ्या कामाचं सांगतो. माझ्या एका तोंडातून पाणी आणि वायू आत सोडायचे, दुसऱ्यातून दोन तारा घालून ठिणग्या पाडायच्या, ती आमची वीज. तिसऱ्यातून वाफ जाऊ द्यायची. पाणी आटवायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा आटवायचं. आठवडाभर हे चाललं की तळाशी जे उरेल ते यंत्रात घालून बघायचं, की त्यात मणी आहेत का. मणी म्हणजे अमिनो आम्लं. तुमच्या अंगातली प्रथिनं याच मण्यांच्या माळा असतात. मणी मिळाले म्हणजे जीव मिळाला असं नाही. मणी मिळाले म्हणजे निदान वाण्याकडे सामान तरी आहे.

पूर्वीचे लोक यात चांगले तिखट वायू घालायचे, मणी पटापट व्हायचे. मग लोक म्हणायला लागले की तेव्हाची हवा इतकी तिखट नव्हतीच, बरीचशी मिळमिळीत होती. बाईंनी ती मिळमिळीत हवाच घ्यायची ठरवली. आणि अकरा वर्षं आम्हाला काय मिळालं? तपकिरी डाग. मावशी ते घासताना म्हणायच्या, "काय सांडलं होतं काय यात?"

माझ्या भावाचं काम याहून सोपं. त्याच्यात नुसतं शुद्ध पाणी. वायू नाही, ठिणगी नाही. बाकी सगळं माझ्यासारखंच. माझ्यात काही सापडलं आणि त्याच्यातही सापडलं, तर ते बाहेरून आलेली घाण. माझ्यात सापडलं आणि त्याच्यात नाही, तर ते माझं. त्याला सगळे कोरा म्हणायचे. अकरा वर्षं काही न करता त्याचं कौतुक व्हायचं, 'वा, स्वच्छ!' म्हणून. घरात असा एक भाऊ असतोच.

स्वच्छतेचं आमच्याकडे फार. मावशी हातमोजे घालून आम्हाला आम्लाने धुणार. मग आमच्या तोंडांवर अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळून आम्ही भट्टीत. पाचशे अंशांवर आठ तास. त्या भट्टीत कसल्याही जिवाचा मागमूस उरत नाही. तिथून बाहेर आलं की आपला काल कुणाशी संबंध आला होता हे आपल्यालाही आठवत नाही.

तर मागच्या उन्हाळ्यात धुताना माझी मान नळाला आपटली. मधल्या तोंडाच्या आतल्या कडेचा टवका उडाला. मावशींचा चेहरा पडला. त्या मला घेऊन बाईंकडे आल्या आणि म्हणाल्या, "फुटला हो. माझ्या हातून. टाकून द्या आता, नवा घ्या."

पण बाई म्हणाल्या, "काचकाका गेले, मावशी. आता असा कोण करून देणार? ज्योतीवर धरून कड गुळगुळीत करून घेऊ." तसं केलं. टवक्याची जागा गुळगुळीत झाली आणि चंबूगबाळं आवरायची माझी वेळ टळली. तेव्हापासून बाई माझ्या बाबतीत फार हळव्या झाल्या. मला भट्टीतून काढलं की त्यांना धास्ती, तापून तडा वाढला तर नसेल? मग त्या कागद उचलायच्या, उजव्या हातातला मोजा काढायच्या, मोज्यातून नीट कळत नाही ना, आणि माझ्या गळ्यात आतून एक बोट गोल फिरवायच्या. हलकेच. "ठीक आहेस रे," म्हणायच्या. मग मोजा परत चढवून कामाला लागायच्या.

खरं सांगू? मला ते फार आवडायचं. अकरा वर्षांत चिमटा, ब्रश आणि हातमोजे सोडून मला काही शिवलं नव्हतं. मी मुकाट्याने लाड करून घेतले.

आणि पुढच्याच फेरीत मणी आले!

थोडेथोडके नाहीत, भरघोस. बाईंनी कागदावरची रेघ बघितली, चष्मा काढून पुसला, परत बघितली. कोऱ्यात काही नाही, माझ्यात मणीच मणी. आमच्याकडे नियम असा, की एकदा आलं तर योगायोग, दोनदा आलं तर गंमत, तीनदा आलं तर लिहायचं. बाईंनी आणखी दोनदा केलं. दोन्ही वेळा भट्टीनंतर बोट फिरवलं, "ठीक आहेस रे" म्हटलं, आणि दोन्ही वेळा मणी आले.

सगळी इमारत बाईंच्या दारात लोटली. उल्कावाल्यांनी हात मिळवला. मावशींनी मला बघून पहिल्यांदाच "शहाणा गं माझा" म्हटलं. पुढच्या गुरुवारी मोठी सभा होती, देशोदेशीचे लोक येणार होते. वर्षअखेर बाई निवृत्त होणार होत्या. त्यांना त्या सभेत शेवटचं भाषण दिलं होतं. अकरा वर्षं ज्यांना लोक मागून हसले त्यांना आता समोरून टाळ्या मिळणार होत्या.

आणि इथे माझा जीव, म्हणजे जो काय आहे तो, टांगणीला लागला. कारण ते मणी माझे नव्हते, हे मला ठाऊक होतं. मी ते बनवलेच नव्हते. ते बाईंच्या बोटावरून उतरले होते. माणसाच्या कातडीवर घामातून हे मणी कायम असतात, एका बोटाच्या ठशात आमच्या यंत्राला पुरून उरतील इतके. कोऱ्याच्या कडेला टवका नव्हता, म्हणून त्याच्या गळ्यात कुणी बोट घातलं नाही, म्हणून तो स्वच्छ. बाई सभेत उभ्या राहून सांगणार होत्या की पृथ्वीवर जीव असा सुरू झाला, आणि दाखवणार होत्या स्वतःचा घाम. दोन महिन्यांत कुणीतरी ते शोधून काढलंच असतं. मग अकरा वर्षांचा खरा प्रयोग कुणाला आठवला असता? लोकांना फक्त बोट आठवलं असतं.

मी काय काय केलं म्हणून सांगू! त्या दोन फेऱ्यांत उकळताना उसळ्या मारल्या होत्या. बाई म्हणाल्या, आच जरा जास्त झाली. तोटीतून शिट्टी घातली. त्यांनी तोटी घट्ट केली. शेवटी वाटलं, आपण तडकून मोकळं व्हावं. पण मी फुटलो असतो तर ते मणी कुठून आले हे कुणाला कधीच कळलं नसतं. आवळ्यासाठी कोहळा जायचा. तेव्हा मी जीव मुठीत धरून शाबूत राहिलो.

सोमवारी सकाळी धूरोबा अभिनंदनाला आले. खुर्चीत बसले, टेबलावर बोटांनी ताल धरला आणि म्हणाले, "डावे-उजवे बघितलेस?"

आता हे समजून घ्या. हे मणी हातमोज्यांसारखे असतात, डावे आणि उजवे. घडण तीच, पण डाव्यावर उजवा बसत नाही. नुसत्या रसायनांतून बनले तर निम्मे डावे, निम्मे उजवे. पण जिवंत शरीराने बनवलेले, मग ती बुरशी असो की हत्ती, जवळजवळ सगळे डावे. असं का, ते अजून कुणालाच नीट सांगता आलेलं नाही. बाईंचं यंत्र मणी मोजायचं. डावे-उजवे वेगळे करणारं यंत्र धूरोबांच्या खोलीत होतं. आणि त्या खोलीत बाईंनी सहा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

"जळतोयस तू," बाई म्हणाल्या.

"जळतोय तर जळतोय. पण बघून घे. गुरुवारी पहिला प्रश्न हाच येणार."

बाई तासभर धुसफुसल्या. मग मला उचललं, शेवटच्या फेरीतलं उरलेलं पाणी माझ्याच पोटात होतं, आणि तरातरा समोरच्या खोलीत गेल्या. पाणी यंत्रात गेलं. दोघं शेजारी शेजारी उभे राहून पडद्याकडे बघत होते. डाव्यांची रेघ उंच उंच गेली. उजव्यांची रेघ उठलीच नाही.

"सगळे डावे," धूरोबा हळूच म्हणाले.

बाईंच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला कधी विसरता येणार नाही. त्या एकदम उजळल्या. "सगळे डावे! अरे, म्हणजे डबक्यात आपोआप डावे निवडले गेले! हे तर मण्यांपेक्षा मोठं झालं! जे कुणालाच सांगता आलं नाही ते..."

धूरोबांनी उजव्यांच्या सपाट रेघेवर पेन टेकवलं. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, परत पडद्याकडे बघितलं, आणि मग त्या हळूहळू स्टुलावर बसल्या.

"जिवंत काहीतरी लागलंय," त्या म्हणाल्या. "कशाचं तरी."

मग त्या उठल्या आणि मला घेऊन धुण्याच्या खोलीत आल्या. मी मनात म्हणतोय, नाही बाई, तिथे नाही, तिथे नाही!

"मावशी, एक विचारते, रागावू नका. या चंबूला हातमोजे न घालता हात लागला का? आठवून सांगा."

मावशींनी नळ बंद केला. "आठवून? वीस वर्षं मी मोज्याशिवाय तुमच्या काचेला हात लावला नाही. माझ्या नातवाला आंघोळ घालतानासुद्धा हात आपसूक मोजे शोधतात. आणि समजा लागला. मी धुते ते भट्टीच्या आधी ना? भट्टीत सगळं जळतं, हे तुम्हीच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मग माझं काय उरणार?"

"उरणार नाही," बाई म्हणाल्या. "खरंय."

"मग भट्टीनंतर कोण हात लावतं ते बघा. मी भट्टीचं दार उघडत नाही. तुम्हीच काढता, तुम्हीच कागद उचलता, आणि मोजा काढून त्याच्या गळ्यात बोटही तुम्हीच फिरवता. दात येणाऱ्या लेकराच्या हिरड्या चाचपाव्यात तशा. त्या दुसऱ्याच्या गळ्यात नाही फिरवत."

बाईंनी उजवा हात वर केला आणि त्या बोटाकडे बघत राहिल्या.

त्या खात्री केल्याशिवाय सोडणाऱ्या नव्हेत. कोऱ्याला भट्टीतून काढलं, आत नुसतं पाणी घातलं आणि त्याच्या गळ्यात बोट फिरवलं. मणी आले. सगळे डावे. अकरा वर्षांची अब्रू एका बोटाने गेली बिचाऱ्याची! मला हसू आलं, पण बाईंकडे बघून ते तिथेच विरलं. त्या मावशींपाशी गेल्या. "चुकले मी. तुमच्यावर संशय घेतला."

"घेतलात तर घेतलात," मावशी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "आता गुरुवारचं काय करणार ते सांगा."

धूरोबांचं मत होतं की आजारी असल्याचं कळवावं. कुणाला पत्ता लागणार नाही, छापून तर काहीच आलेलं नाही. बाई म्हणाल्या, "आणि पुढच्या कुणी असंच बोट फिरवलं तर? त्याचीही अकरा वर्षं जाऊ देऊ?"

गुरुवारी त्या मला कापसात गुंडाळून सभेला घेऊन गेल्या. मी आयुष्यात प्रथमच एवढी माणसं एकत्र पाहिली, आणि सगळी खोकत होती. बाईंनी मला टेबलावर ठेवलं. त्या म्हणाल्या, "पृथ्वीवर जीव कुठून आला, ते मी अकरा वर्षं शोधतेय. ते मला सापडलेलं नाही. पण या चंबूत तो कुठून आला, ते सापडलंय. माझ्यातून." आणि त्यांनी बोट वर केलं.

मागून एक म्हातारे गृहस्थ उठले. म्हणाले, आमच्या काळी आम्ही द्रव तोंडाने नळीत ओढायचो, आता माझे जुने आकडे मला परत बघावे लागणार. कुणीतरी हसलं. दुसरे म्हणाले, माझी दाढी आहे, तिचं काय करू? मग अख्ख्या सभागृहाने आपापली पापं कबूल करायला सुरुवात केली. एकजण तर चंबूजवळ बसून डबा खायचा! टाळ्या वाजल्या, पण बाईंना ज्या हव्या होत्या त्या या नव्हेत. परतताना गाडीत त्या मला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि रडल्या. मी तीन तोंडांचा, पण एकातूनही धीराचा शब्द निघाला नाही.

त्या दिवसापासून मी विचार करतोय. जीव कसा सुरू झाला हे बघायचं तर आधी जीव नसलेली जागा हवी. आणि तुम्ही मंडळी तशी जागा शिल्लकच ठेवत नाही! बोलता, शिंकता, घाम गाळता, केस पाडता. जाल तिथे जीव सांडत जाता. कुणी म्हणतं आधी स्वतःची नक्कल करणारा रेणू आला, कुणी म्हणतं आधी चूल पेटली, म्हणजे रसायनांची देवघेव सुरू झाली, आणि पाककृती मागाहून लिहिली गेली. असेल, काहीही असेल. पण ज्या जागी ते घडलं त्या जागेवर तुम्ही आता इतके पसरलायत, की पहिलं पाऊल कुठे पडलं ते दिसणार कसं?

बाई वर्षअखेर निवृत्त झाल्या. धूरोबांनी आपल्या खोलीतलं एक टेबल रिकामं करून दिलं, "समुद्राकाठी थोडी जागा डबक्याला" म्हणून. दर मंगळवारी बाई येतात. आता माझा टवका त्या भिंगातून बघतात, दुरून, मोजे घालून. "ठीक आहेस रे" मात्र म्हणतात, तेही तोंडावर फडकं बांधून.

गेल्या मंगळवारी एक फेरी संपली. वायू तेच मिळमिळीत, ठिणग्या त्याच. यंत्रावर रेघ हलली. म्हणजे किती, तर मुंगीने खांदा उडवावा इतकी. बाईंनी कोरा तपासला. त्याच्यात काही नाही. मग त्यांनी डावे-उजवे वेगळे केले. दोन बुटक्या रेघा, शेजारी शेजारी, सारख्या उंचीच्या. नियमाप्रमाणे अजून दोन फेऱ्या व्हायच्यात, तोवर कुणाला सांगायचं नाही. बाईंनी फक्त मावशींना हाक मारली.

मावशी हात पुसत आल्या आणि दारातच थांबल्या, आत यायचं नाही हे त्यांना माहीत आहे. "काय झालं? जीव आला का?"

"नाही हो. थोडेसे मणी. निम्मे डावे, निम्मे उजवे."

"मागे तर एवढे ढीगभर आले होते! आणि आता चिमूटभरासाठी रडताय?"

बाईंना बोलता येईना. मला येत होतं, पण ऐकणार कोण? म्हणून तुम्हाला सांगतो आणि रजा घेतो. दुसऱ्या फेरीचं पाणी भरायची वेळ झाली, तुम्हीही आता जरा मागे सरा. तर ऐका मावशी, बाई रडत होत्या, कारण ते चिमूटभर मणी ना बाईंचे होते, ना तुमचे, ना आणखी कुणा जिवाचे. ते कुणाचेच नव्हते.